जाऊबाईंचं पोलंडचं माहेर

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतके नातेवाईक अख्ख्या कवठे महांकाळ तालुक्यात कुणाला नसतील, आणि त्यातले बहुतेक सगळे त्यांना सापडायच्या आधीच मेलेले आहेत. माणसाची आधी ओळख होते, मग माया लागते, मग तो गेला की आपण रडतो, अशी जगाची रीत. जाऊबाई आधी रडतात आणि मग तो कोण होता ते बघतात. मोबाईल त्यांच्या कमरेला बटव्यात असतो. चुलीपुढं, गोठ्यात, पाण्याच्या टँकरच्या रांगेत, कुठंही त्या तो काढतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि म्हणतात, "आगं धाकटे, आणिक एक घावला." धाकटी म्हणजे मी. आमची दोन घरं एका भिंतीची, अंगण एक, हौद एक. तीस वर्षं दुपारची भांडी घासून झाली की आम्ही दोघी उंबऱ्यावर बसून तूर निवडत होतो. आता त्या बसतात, पण निवडतात पोलंड.

हे सगळं त्यांच्या आईच्या आईमुळं सुरू झालं. मोठ्या लढाईच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंड देशातून उजाड होऊन आलेल्या बायामुलांची छावणी होती. जाऊबाईंचे आजोबा तिथं अंडी आणि भाजी घालायला जायचे. लढाई संपली, छावणी उठली, माणसं निघून गेली. एक पोरगी मात्र अंडीवाल्याच्या घरी राहिली. लग्न अगदी रीतीनं झालं. तिला आईबाप नव्हते म्हणून गावातल्या एका जोडप्यानं तिचं कन्यादान केलं, आणि नव्या नवरीचं नाव बदलतात तसं ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं लिहून तिला सरस्वती केलं. पुढं काही वर्षांत ती तापानं गेली. मागं राहिली एक लहान लेक, म्हणजे जाऊबाईंची आई, आणि नऊवारी नेसून नथ घातलेल्या घाऱ्या डोळ्यांच्या बाईचा एक फोटो. तिचं मूळचं नाव काय होतं हे कुणी विचारलं नाही. सासरचं नाव मिळालं की आधीचं नाव संपतं, त्यात विचारायचं काय?

जाऊबाईंची आई मिरजेला मुलाकडं असते. आता पुष्कळ थकलीय. मागं एकदा दवाखान्यात असताना ती जाऊबाईंना म्हणाली, "समद्यांस्नी आयचं नाव ठावं आसतंय. मला तिच्या सासूनं दिल्यालं ठावं हाय. माज्या आयला तिची आय काय म्हनून हाक मारत आसंल गं? तेवढं कळलं आसतं तर जाताना बरं वाटलं आसतं." झालं. जाऊबाईंनी पदर खोचला. पुण्याला कंपनीत असलेल्या लेकीकडून त्यांनी मोबाईलवर पूर्वज शोधायची जागा उघडून घेतली आणि कामाला लागल्या.

पहिले काही महिने त्यांनी पोलंडमध्ये सरस्वती शोधली. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण मलासुद्धा वाटत होतं की तिकडं सरस्वती कशी सापडणार. मी भीतभीत तसं म्हणाले. "तू गप," जाऊबाई म्हणाल्या, "लग्नातलं नाव त्ये खरं नाव." माहेरच्या आडनावाच्या जागी त्यांनी कन्यादान केलेल्या त्या कोल्हापूरकडच्या जोडप्याचं आडनाव घातलं होतं, कारण ज्यानं कन्यादान केलं तो बाप. मोबाईलनं त्यांना जगभरातल्या सरस्वती दाखवल्या. मद्रासकडची एक तर त्यांना इतकी आवडली की तिची नातवंडं किती हे त्यांनी लिहून विचारलं. शेवटी लेक सुट्टीला आली आणि तिनं कपाळाला हात लावला. "आई, तिथं जन्माचं नाव लागतं. सासरचं चालत नाही." जाऊबाईंनी मोबाईल बटव्यात घातला. मग म्हणाल्या, "आता गं? जल्माचं नाव तर आपल्यात बाईच्या आंगावर ऱ्हातच न्हाई."

मग थुंकी आली. थुंकीवरून रक्ताचं नातं कळतं आणि जगात ज्यांची थुंकी आपल्याशी जुळते त्यांची नावं येतात, असं लेकीनं सांगितलं आणि एक नळी पुढं केली. जाऊबाईंनी सकाळी अंघोळ केली, देवपूजा केली, कारण आपलं उष्टं परमुलखात जाणार ते निदान शुद्ध असावं. पण नळी तोंडाशी धरली की त्यांना लाज वाटायची आणि तोंडाला कोरड पडायची. खायचं प्यायचं तर काही नाही, तशी अट होती. तेव्हा त्यांनी मला बोलावलं, समोर बसवलं, हातात मीठ लावलेली चिंच दिली आणि म्हणाल्या, "खा. तोंड वाकडं करून खा." मी खात होते, त्या माझ्याकडं बघत नळी भरत होत्या, आणि थोरले भावजी, म्हणजे त्यांचे मालक, मिलिटरीतून निवृत्त झालेले, दारात उभे राहून म्हणत होते, "शाब्बास! आदी दुश्मनावर थुकत हुतो, आता खानदानासाठी." नळी भरली. माझे दात दोन दिवस आंबले होते. ती नळी पुढं परदेशात गेली, पेटीत घालून, कापसात ठेवून. माझी थुंकी कुणी मागितली नाही. मागून तरी काय करणार? माझ्या माहेरी एक भाऊ आहे, औंधाजवळ, आणि तो जिवंत असून फोन उचलत नाही.

निकाल आला. जाऊबाई चार आणे पोलंडच्या निघाल्या. त्या दिवसापासून त्यांच्यातलं जे चांगलं ते सगळं त्या चार आण्यांच्या नावावर जमा झालं. त्या दुपारी झोपत नाहीत, हे पोलंडचं. बटाटा आवडतो, हे पोलंडचं. भांडण झालं की भांडी आपटतात, हे मात्र कोल्हापूरचं. ज्या बाईनं तीस वर्षं माझ्यादेखत कच्ची मिरची भाकरीबरोबर कांद्यासारखी खाल्ली, ती आता ठेचा पुढं आला की पदरानं वारा घेऊन म्हणू लागली, "मला सोसत न्हाई गं, आमच्यात तिखाट न्हाई." शेजारपाजारच्या बाया त्यांचे डोळे बघायला येऊ लागल्या. मीही बघितले. घारे होतेच. तीस वर्षं होते. मला ते कधी इतके घारे दिसले नव्हते आणि खरं सांगायचं तर तेव्हाही बघवले नाहीत.

थुंकी जुळलेले पहिले लोक लांबचे होते. कुणी अमेरिकेत, कुणी विलायतेत. पण प्रत्येकानं आपली वंशावळ तिथं झाडासारखी मांडून ठेवलेली, आणि त्या झाडावर जिकडं बघावं तिकडं मेलेली माणसं. जाऊबाईंना वाटायचं, आजीची माणसं यातच कुठंतरी असणार, म्हणून त्या एकेका फांदीवर चढत. आणि इथं आमच्या घरावर संकट आलं. कारण आपल्यात नात्यातला माणूस गेल्याचं उशिरा कळलं, तर कळल्या दिवशी डोक्यावरून न्हावं लागतं. जाऊबाईंना रोज कळत होतं. सकाळी एक सुतार गेल्याचं कळलं की त्या न्हायच्या, दुपारी त्याची बायको सापडली की परत न्हायच्या.

"आवं जाऊबाई," मी म्हणाले, "त्यो तर तुमच्या पणज्याच्याबी आदी मेलाय."

"मरू दे की. मला कवा कळलं? आज."

"पर न्हायाचं नात्याच्या मानसाला. ह्यो तुमचा कोन?"

"कोन हाय त्ये कळंपरेंत पारोशी ऱ्हाऊ व्हय?"

आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो. दोन घरांत मिळून एक हौद, आणि पोलंडात माणसं मरायची काही थांबेनात. शेवटी भावजींनी हौदाला कुलूप घातलं. "एक बादली. त्यात पोलंड बसव न्हाईतर रशिया बसव." तेव्हापासून जाऊबाई आठवडाभर मेलेले साठवून सोमवारी सगळ्यांचं मिळून एकदा न्हाऊ लागल्या. मी तोंडावर हसत होते, पण आत काहीतरी जळायचं. ज्यांनी हिला पाहिलं नाही, ज्यांना हिची भाषा कळली नसती, त्यांच्यासाठी ही डोक्यावर पाणी घेते. मला माझ्या आजीचं नावसुद्धा ठाऊक नाही. तिला सगळे म्हातारी म्हणत. आणि शेजारी बसून जी तीस वर्षं तूर निवडते तिच्यासाठी त्या झाडावर फांदी नव्हती. एकदा मी धीर करून विचारलं, "मी कुठं हाय ह्याच्यात?" त्यांनी चष्मा सारखा करून बघितलं आणि म्हणाल्या, "हितं आय हाय, बाप हाय, भन हाय. जाऊ न्हाई गं. त्यांच्यात जाऊ नसती वाटतं." मी भांडी घासायला उठले.

आणि मग एका दुपारी जवळची जुळणी आली. लेकीचा पुण्याहून फोन आला, ती बोलताना अडखळत होती. पोलंडातलीच एक म्हातारी होती, जाऊबाईंच्या आईची सख्खी मावसबहीण लागत होती. तिची एक मावशी लढाईत हरवलेली, हिंदुस्थानपर्यंत पोचल्याचं कानावर आलेलं, पुढं काही नाही. भावजी लगोलग मिरजेला जाऊन सासूला घेऊन आले. दुसऱ्या दिवशी आमच्या सोप्यात भिंतीला उशी लावून तिला बसवलं आणि लेकीनं पुण्याहून सगळ्यांना फोनवर जोडलं. पडद्यावर पांढऱ्या केसांची, गुबगुबीत गालांची एक बाई आली. डोळे तेच. ती तिच्या भाषेत बोलायची आणि लेकीच्या कॉम्प्युटरमधून एक आवाज त्याचं मराठी करायचा. "आदरणीय महोदया, आपणास पाहून मला अत्यंत हर्ष होत आहे."

"ही तर आपल्या तलाठी भाऊसाहेबापेक्षा शुद्ध बोलती," भावजी म्हणाले.

"गप बसा!" जाऊबाई ओरडल्या. मग फोनकडं वळून जोरात, पोलंडपर्यंत थेट पोचेल अशा आवाजात, "आमच्या आजीचं नाव काय हुतं?"

ती बाई हसायची थांबली. तिनं एक फोटो पुढं धरला. दोन वेण्यांच्या दोन मुली, एक थोरली, एक धाकटी. थोरलीवर बोट ठेवून ती म्हणाली, "ब्रोन्या." मग बराच वेळ बोलत राहिली. तो आवाज सांगत होता, माझी आई दर वर्षी तिच्या नावानं मेणबत्ती लावत असे. आई म्हणे, ती रस्त्यात गेली असावी. तिला एक मुलगी झाली हे आईला कळलं असतं तर.

त्या वाक्याचं पुढं काही झालं नाही. जाऊबाईंची आई भिंतीला टेकून ओठ हलवत होती. "ब्रोन्या," ती म्हणाली. मग परत, जरा मोठ्यानं, अंगणातून कुणाला जेवायला हाक मारावी तसं. "ब्रोन्या! ये ब्रोन्या!" आणि पदर तोंडाला लावून रडली. पोलंडची म्हातारी तिकडं रडत होती. तो शुद्ध आवाजवाला मध्येच म्हणाला, "क्षमा करा, मला समजले नाही."

मी पाणी तापवायला ठेवलं. आता या दोघी न्हाणार, हे मी धरूनच चालले होते. पण जाऊबाईंनी मला हाताला धरून थांबवलं. "न्हायाचं न्हाई आज. नाव घावलंय. आज बारसं हाय." आणि खरंच त्यांनी हरभरे शिजवायला टाकले. आमच्यात बारशाला घुगऱ्या वाटतात, त्या संध्याकाळी साऱ्या आळीला वाटल्या. बाया विचारत होत्या, कुणाचं गं बारसं? जाऊबाई सांगत होत्या, "आमच्या आजीचं." नथवाल्या फोटोला त्यांनी ओट्यावर ठेवलं. आत्यानं कानात नाव सांगायचं असतं, आत्या कुठून आणणार? तेव्हा जाऊबाईंच्या आईनंच आपल्या आईचं नाव फोटोतल्या कानाशी जाऊन सांगितलं आणि सगळ्या बायांनी कुर्र केलं. मी मागं भिंतीशी उभी होते. मी कुर्र केलं नाही. ब्रोन्याची बहीण मरेपर्यंत दर वर्षी तिच्यासाठी दिवा लावत होती, मेलेल्या बाईचा मला इतका हेवा वाटला.

जाऊबाईंची आई त्यानंतर चार महिने होती. जाताना शांत गेली. जाऊबाई दहा दिवस मोबाईलला शिवल्या नाहीत. अकराव्या दिवशी दुपारी त्या उंबऱ्यावर आल्या, माझ्या पुढ्यातली तूर अर्धी आपल्याकडं ओढली आणि थोडा वेळ निवडत राहिल्या. मग बटवा सोडला, चष्मा नाकावर आणला.

"धाकटे, झाडावर तुला घालाय लागलीया. आदी आमचं ह्ये, त्यांचा भाऊ, त्येची बायकू, आसं आडून आडून जाऊन हुतंय बघ. लेकीनं शिकिवलं." मी तूर निवडत राहिले. "पर हितं जल्माचं नाव मागत्यात. तुजं काय गं?"

मला लगेच सांगता येईना. लग्नात ताटातल्या तांदळावर जे लिहिलं त्याची मला सवय झालेली. आधीचं नाव आई हाक मारायची, आई जाऊन खूप वर्षं झाली, भाऊ तर कुठलंच नाव घेत नाही. मी इकडंतिकडं बघितलं आणि हळूच सांगितलं. इथं ते लिहीत नाही, लाज वाटते. जाऊबाईंनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत ते मोबाईलवर घातलं, दोनदा चुकल्या, दोनदा पुसलं.

परवा मी हौदावर पाणी शेंदत होते. मागून कुणीतरी त्या माहेरच्या नावानं हाक मारली. मी बादली भरत राहिले. परत हाक आली. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतायत.