सॅमसन थळकर उभा राहतो

कुणाचे किस्से साठवायचे असं कोणी ठरवत नाही. घरात डब्यांची झाकणं साठतात तसे ते साठतात. टाकायला काढावीत तर वाटतं, राहू दे, लागेल कधीतरी. आमच्याकडे सॅमसनची झाकणं फार झाली आहेत.

आमचं टेबल दर गुरुवारी ऑफिस सुटल्यावर पाया लेबारच्या एका फूड कोर्टात जमतं. मी चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या बॅक ऑफिसात आहे. मिलिंद नागपूरचा, पाण्याच्या शुद्धीकरणावर संशोधन करतो. तिसरा सॅमसन थळकर, वय चौतीस, अलिबागजवळचा, इंजिनिअर, लग्न व्हायचंय. आणि हा सॅमसन मागच्या निवडणुकीत उभा राहिला. सोसायटीच्या नाही हो, सिंगापूरच्या संसदेच्या! पक्ष लहान होता, नाव सांगत नाही.

माझा स्वभाव काळजीचा. नवरा म्हणतो, हिला काळजी करायला काही नसलं की हिला काळजी वाटते. त्यामुळे त्या दिवसांत मी किती सुखात होते ते तुम्हीच ओळखा.

*

पहिला किस्सा ओळखीचाच. इथल्या एका घरगुती गणपतीला सॅमसन आला होता. आरती म्हटली नाही, पण टाळ मात्र जोरात वाजवले. प्रसाद वाटताना एका काकूंनी विचारलं, "सॅमसन म्हणजे ख्रिश्चन ना तुम्ही?"

"नाही काकू, ज्यू. बेने इस्राएल."

"अय्या! पण मराठी किती छान बोलता हो."

सॅमसन म्हणाला, "आमच्या लोकांचं जहाज नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं ना काकू, तेव्हापासून बोलतोय."

काकूंचा हात मोदकावरच थांबला. "अगं बाई! केव्हा? कुणाला लागलं तर नाही ना?"

दोन हजार वर्षांपूर्वी, असं सांगायची त्याची हिंमत झाली नाही. "सगळे बरे आहेत आता," म्हणाला.

*

आता त्याच्या आईचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळायचं नाही.

आई अलिबागला एकट्या असतात. त्यांचे तिन्ही भाऊ आणि एक बहीण तरुणपणीच इस्राएलला गेले. त्यांच्याही नावाची कागदपत्रं तयार होती. ऐन वेळी त्या म्हणाल्या, मी नाही येत, ही विहीर माझी, ही नारळाची झाडं माझी. आणि राहिल्या. म्हणून सॅमसनने सिंगापूरचं नागरिकत्व घेऊन भारतीय पासपोर्ट परत केला, तेव्हा त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "सगळे गेले तेव्हा मी ह्या अंगणात बसून राहिले. आणि तू पासपोर्ट देऊन आलास?"

त्या दिवसापासून सिंगापूर हा शब्द त्यांनी तोंडातून काढलेला नाही. फोन रोज करतात. तब्येत विचारतात, जेवलास का विचारतात. तो राहतो ते गाव मात्र जणू नकाशावर नाहीच.

उमेदवारी मिळाल्यावर सॅमसनने आमच्या समोरच त्यांना स्पीकरवर फोन लावला. "आई, मी निवडणुकीला उभा राहतोय. संसदेच्या."

मिलिंदने वाकून फोन चालू आहे ना ते बघितलं. मग आई म्हणाल्या, "आज बांगडे ताजे मिळाले."

त्या रात्री सॅमसन जेवला नाही. मला म्हणाला, "ताई, हरायची भीती नाही मला. हरलो तर घरी जाऊन झोपेन. जिंकलो तर संसदेत ह्या देशाची शपथ घ्यावी लागेल, आणि ते आईला सांगावं लागेल."

*

प्रचाराला मी काडीची मदत करू शकले नाही. मिलिंद इथला नागरिक, तो रोज पक्षाचा टीशर्ट घालून हिंडायचा. मी नुसती पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी, पण नागरिक भारताचीच. परदेशी माणसाने इथल्या निवडणुकीत पडायचं नसतं. मला फक्त काळजी करायची परवानगी होती.

एका रविवारी मी मंडईतून कोथिंबीर घेऊन निघाले आणि समोरून सॅमसनची फेरी आली. तेवढ्यात वारा सुटला आणि कुणाच्या तरी हातातला पत्रकांचा गठ्ठा उडाला. चार-पाच माझ्या पायाशी आली, एक सरळ छातीवर येऊन चिकटलं. त्यावर हसरा सॅमसन!

एरवी कुणीही वाकून उचललं असतं. पण मला एकदम वाटलं, हात लावला आणि कुणी फोटो काढला तर? मी दोन्ही हात वर करून, कोथिंबिरीसकट, तशीच उभी राहिले. शेजारच्या अंडीवाल्या चिनी बाईंनी घाबरून विचारलं, "यू ओके?"

"पीआर," मी म्हणाले.

बाईंनी समजूतदारपणे मान हलवली, दोन बोटांनी माझ्या छातीवरचं पत्रक काढलं आणि त्यात पुढच्या गिऱ्हाइकाची अंडी बांधली.

*

सॅमसनच्या हाताला एक सवय आहे. त्यांच्या घराच्या दाराच्या चौकटीला उजवीकडे मेझुझा असतो. छोटी डबी, आत हाताने लिहिलेली प्रार्थना. येता-जाता तिला बोटं लावायची आणि बोटं ओठांना लावायची. जन्माची सवय, ती काय प्रचार चालू आहे म्हणून थांबते?

घरोघरी फिरताना दर दारातून निघताना ह्याचा हात चौकटीला, मग ओठांना. लोकांच्या चौकटीला! मिलिंदच्या लक्षात आलं तोवर तीन मजले झाले होते. एका घरी तर कुणी नुकतीच चौकट पुसली होती, त्यांना वाटलं हा धूळ तपासतोय.

मिलिंदने झापलं. "हात खिशात घाल. आधीच नवा नागरिक म्हणून कुजबुज चालू आहे, त्यात हे आणखी." पुढचे दोन ब्लॉक, म्हणजे इथल्या इमारती, सॅमसन हात खिशात घालून फिरला. संध्याकाळपर्यंत बोलणं पसरलं की उमेदवार गर्विष्ठ आहे, हात मिळवत नाही.

दुसऱ्या दिवशी एक आजी थेट ब्लॉकच्या खाली येऊन उभ्या. रागाने लाल. मिलिंदला वाटलं, आता तक्रार होणार. आजी सॅमसनला म्हणाल्या, "माय नेबर डोअर यू टच. नेक्स्ट डे शी स्ट्राइक लॉटरी. माय डोअर व्हाय नेव्हर टच?"

*

हसण्यासारखं सगळंच नव्हतं. त्या काळात बातम्यांत रोज इस्राएलकडचं युद्ध होतं. सॅमसनने बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं घोकली होती. तुम्ही एनएस, इथली सक्तीची लष्करी सेवा, केली नाही, मग आम्हाला काय शिकवता, असं एकाने विचारलं तेव्हा त्याने, "बरोबर आहे तुमचं," असं सांगून मान खाली घातली होती. पण एक प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, आणि तो कधी येतो याची आम्हा तिघांनाही धडकी होती.

तो चहाच्या टपरीवर आला. एक मलाय मुस्लिम आजोबा, पांढरी टोपी, एकटे बसलेले. सॅमसनने नमस्कार केल्यावर त्यांनी शांतपणे इंग्रजीत विचारलं, "तू ज्यू म्हणे. म्हणजे तिकडचा?"

"नाही अंकल, इंडियाचा. पण माझे मामा तिकडे आहेत."

"मग त्या युद्धाबद्दल तुझं काय म्हणणं?"

मिलिंद सांगतो, आसपासच्या टेबलांवरचे चमचे थांबले. सॅमसनच्या खिशात पक्षाने दिलेलं तयार उत्तर होतं, चार ओळींचं. ते त्याने काढलं नाही. म्हणाला, "अंकल, मेलेली मुलं कुणाची होती हे मी मोजत बसत नाही. मला झोप लागत नाही."

आजोबा म्हणाले, "मलाही." समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली. सॅमसन बसला. दोघांनी चहा संपवला. उठताना आजोबांनी काठी ब्लॉकच्या दिशेने रोखली. "आमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबत नाही. ते बघ."

मिलिंद हे सांगतो तेव्हा मी दर वेळी रडते, लपवत नाही.

*

आता शेवटचा. हा मी स्वतः पाहिलेला.

मतदान आलं नेमकं शनिवारी. आदल्या दिवशी इथे प्रचार बंद असतो, सगळ्यांनी शांत डोक्याने विचार करावा म्हणून. त्यामुळे तीन आठवड्यांनी सॅमसनला शुक्रवारची संध्याकाळ घरी मिळाली. त्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, शुक्रवारी दिवेलागणीलाच सुरू होतो आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत फोनलाही हात लावायचा नसतो. त्याने दिवे लावले, काळ्या मनुकांचं सरबत आम्हाला दिलं, प्रार्थना म्हटली. म्हणताना दोनदा चुकला. मग फोन बंद करून मिलिंदच्या हातात ठेवला. "उद्या अंधार पडला की दे."

शनिवारी ते लोक वाहनात बसत नाहीत. हा पठ्ठ्या मतदानाच्या सगळ्या शाळा पायी फिरला, त्या उन्हात. लिहायचंही नसतं, त्यामुळे मत कसं देणार याची मला आठवडाभर काळजी. बाहेर आला तेव्हा मी काही विचारलं नाही. तो म्हणाला, "दिलं ताई. देवाशी मी बघून घेईन."

आठ वाजता मतदान संपलं. आम्ही शाळेजवळच्या कॉफी शॉपमध्ये बसलो. सॅमसनच्या पायाला फोड आले होते, चेहरा उतरला होता. बाहेर अंधार झाला होता, इथला शब्बाथ संपला होता. मिलिंदने फोन चालू करून टेबलावर ठेवला.

"आईला कळवायचं का?" मी विचारलं.

"आत्ता? अलिबागला साडेपाच वाजलेत ताई, लख्ख ऊन असेल. चांदण्या दिसल्याशिवाय आई फोनला हात लावत नाही. बाबा शनिवारी सकाळी गेले. मला फोन आला तो रात्री. तोवर दिवसभर ती त्यांच्याजवळ एकटी बसून होती." मग म्हणाला, "आणि चांदण्या दिसल्यावर तरी काय, बांगडेच."

त्याचं बोलणं संपलं आणि फोन वाजला. स्क्रीनवर 'आई'.

सॅमसन पांढराफटक पडला. माझ्याही मनात वाईटच आलं. शेजाऱ्यांनी लावला असेल, काहीतरी झालं असेल. त्याला उचलवेना, शेवटी मिलिंदने बटण दाबून स्पीकर लावला.

"आई? काय झालं? बरी आहेस ना तू? कोण बोलतंय?"

"मीच बोलतेय," आई म्हणाल्या. मागे कावळे ओरडत होते. "मला काय धाड भरलीय? पेट्या उघडल्या का रे त्यांनी?"