ओल्या घोंगडीचा वास आणि न्यूट्रॉन

मुलांनो, न्यूट्रॉन-प्रोटॉनच्या वस्तुमानातला फरक अणुकेंद्रात बदलतो का, हे शास्त्रज्ञ अजून शोधताहेत, असं थोरल्या लेकीने काल फोनवर सांगितलं आणि मला ओल्या घोंगडीचा वास आला. वेल्ह्याला मी शिकवायचे त्या अकरावीच्या वर्गात, पावसात भिजलेली घोंगडी पांघरून आलेल्या एका मेंढपाळाच्या मुलीने पाहुण्या प्राध्यापकांना विचारलं होतं, "सर, एकटा न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा जड म्हणून मोडतो, मग केंद्रात का न्हाई मोडत? तितं फरक कमी व्हतो का?" त्यांनी नाकाला रुमाल लावला. "आधी घोंगडी धुऊन ये, मग न्यूट्रॉन मोज." वर्ग हसला आणि पाहुण्यांचा मान राखायला मीही हसले. तेव्हा मला त्यांची किळस आली होती, आता स्वतःची जास्त येते. तिने पुन्हा कधी हात वर केला नाही. तिचा प्रश्न माझ्या वहीत आहे, तिच्याच शब्दांत.