निळ्या काचेखालचा बाक

मंडळी, आज दुपारी इथे परदेशात, ट्रॉयमध्ये एक गंमत झाली. गंमतच म्हणायची.

रूममेट प्रोजेक्ट संपवून पुण्याला परत गेला, तेव्हापासून रविवारी अपार्टमेंटमध्ये बसवत नाही. फिरता फिरता एक चर्च उघडं दिसलं. सवयीने बूट बाहेर बर्फातच काढले आणि नुसत्या सॉक्सवर आत शिरलो.

आत चिटपाखरूही नव्हतं. खिडकीच्या रंगीत काचांतून ऊन येत होतं आणि काचेवरच्या मेरीमातेचा निळा झगा अख्खा एका बाकावर उतरला होता. खिडकीजवळ जाऊन पाहिलं तर तो निळा एक नव्हताच. कितीतरी वेगवेगळे निळे तुकडे शिशाच्या बारीक पट्ट्यांनी जोडले होते.

"अरे, हे बघ ना!" मी मोठ्याने बोलून गेलो यार, तेही मराठीत.

मागे एक गोऱ्या आजी उभ्या होत्या, माझे बूट हातात घेऊन.

"कुणाशी बोलत होतास?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"कुणाशीच नाही."

"मीही बोलते," त्या म्हणाल्या. "त्या निळ्या बाकावर माझा नवरा बसायचा. आज तू बस."

त्यांनी बूट हीटरपाशी ठेवले. मी बसलो, माझे हात निळे झाले.

घरी आलो तेव्हा बूट आतून अजून उबदार होते.

तुम्ही "हे बघ ना" कुणाला म्हणता?