उच्चारबाई आजारी पडतात

फ्रेंचच्या वर्गातले विद्यार्थी बाईंना पाठीमागे 'उच्चारबाई' म्हणत. नाकातून यायचा शब्द घशातून आला की त्या विद्यार्थ्याला तिथेच पकडत आणि शब्द जागेवर येईपर्यंत सोडत नसत. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं, आणि खरं तर त्यांना ते आवडलंही होतं.

एके दिवशी संस्थेच्या संचालकांनी बोलावून त्यांच्यापुढे टॅब्लेट ठेवला. त्यात फ्रेंच बोलणारा, ऐकणारा, चुका दुरुस्त करणारा एआय होता.

"बाई, पुढच्या सत्रापासून तुमचे निम्मे तास याला द्यावे म्हणतो."

"आधी मला बघू दे तरी, हा आहे कसा ते."

सबंध रविवार बाई स्वयंपाकघरात टॅब्लेटशी बोलत बसल्या. मुद्दाम क्रियापदं चुकवली, शब्दांची लिंगं उलटीपालटी केली. पठ्ठ्याने एकही चूक सोडली नाही, वर दर वेळी 'छान प्रयत्न!' म्हणाला. शेवटी नवराच वैतागला.

"माझ्याशी एवढी बोलली असतीस तर एव्हाना मीही फ्रेंच शिकलो असतो!"

सोमवारी बाई संचालकांपुढे उभ्या राहिल्या. "गडी कामाचा आहे. वर्गात एकेकाला तोंड उघडायला जेमतेम पाच मिनिटं मिळतात, याच्याशी घरी हवं तेवढं बोलतील. घोकून घ्यायचं काम याला द्या. पण माझे तास कापू नका. वर्गात काय करायचं ते मी बघते."

"आणि नाही जमलं तर?"

"जमेल."

वर्गात एक नर्स होती. परदेशातल्या इस्पितळात नोकरी मिळावी म्हणून ती फ्रेंच शिकत होती. एरवी मागच्या बाकावर मिठाची गुळणी धरून बसणारी ती एआयशी मात्र घडाघडा बोलू लागली. कोण कुठे अडतंय ते एआय बाईंना दर आठवड्याला कळवायचा. नर्स आता कुठेच अडत नव्हती.

बाईंनी मग बाकं भिंतीकडे सरकवली, खुर्च्या जोडून त्यांवर आडव्या झाल्या आणि फ्रेंचमध्ये कण्हू लागल्या. अर्धे शब्द गिळत, मधेच खेकसत. या पेशंटला तपासायला त्यांनी नर्सला पुढे बोलावलं. तिने दारापासूनच पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "कृपया आपल्या वेदनेचं स्वरूप सांगाल का?" पेशंट आणखीच ओरडला. वर्ग हसला. नर्सचे डोळे भरून आले.

"घरी तर सगळं येतं हो मला!"

"येतंच. पण घरी तो तुझं वाक्य संपायची वाट बघतो. माझ्या पोटात कळा येताहेत, मी कशाला थांबू? वॉर्डात तू काय करतेस?"

"जवळ बसते. हात धरते."

"मग बस की!"

नर्स बसली. सवयीने मनगट धरलं आणि म्हणाली, "कुठे? दाखवा." बाईंनी पोटावर हात ठेवला. मग एकामागून एक प्रश्न येत गेले. त्यातला एक उच्चार साफ चुकला, आणि उच्चारबाईंनी तो चक्क जाऊ दिला! वर्ग बघतच राहिला.

त्या दिवसापासून बाईंनी एआयलाही कामाला लावलं. 'कौतुक बंद. तू तिरसट पेशंट आहेस. पुटपुट, मधेच तोड, चिड.' तो ते इतकं झकास करू लागला की नर्सने तक्रार केली, "बाई, हा तर तुमच्यापेक्षा वाईट आहे."

"उत्तम. उद्या वर्गात त्याच्यावर कडी करते."

परदेशातल्या इस्पितळाची मुलाखत स्क्रीनवर झाली. समोरच्या डॉक्टरीणबाईंचा आवाज तुटत होता. नर्स न घाबरता म्हणाली, "माफ करा, कळलं नाही. हळू सांगाल?" ही आठवण सांगताना नर्स नंतर म्हणायची, "त्यापुढे मुलाखत नव्हतीच, नुसत्या गप्पा."

नोकरी मिळाली. संचालकांनी तास कापायचा विषय पुन्हा काढला नाही. उलट बाईंनीच वर्ग लहान करून मागितले आणि मिळवले.

काही महिन्यांनी वर्ग चालू असताना नर्सचा फोन आला. "बाई, इथले म्हातारे कसली तरी खेड्यातली बोली बोलतात. तुम्ही शिकवली नाहीत, एआयनेही नाही!"

"मग तू शिकव," असं म्हणून बाईंनी स्पीकर लावला, विद्यार्थ्यांमधली एक रिकामी खुर्ची ओढली आणि पेन उघडलं.