पुजलेली चूल

बाय गेल्याची बातमी मला कुणी सांगावी लागली नाही. त्या सकाळी भिंतीतल्या झरोक्यातून तिची हाक आली नाही, तेव्हाच मी हातातलं पीठ टाकून पलीकडे गेले. झोपेतच गेली होती. बायका रडत होत्या आणि मला, खरं सांगते, आधी हायसं वाटलं. अंथरुणाला खिळून दुसऱ्याच्या हातून भरवून घ्यायची तिला फार भीती होती. देवानं ते टाळलं. रडू नंतर आलं, दुपारी, भांडी घासताना...

बाय म्हणजे माझी थोरली जाऊ. मी साजगावहून लग्न होऊन दहिवलीला आले ती लढाईच्या दिवसांत. घर भातशेतीचं, खाणारी तोंडं पुष्कळ, चूल एक आणि चुलीपाशी बाय. सासूबाई ओटीवर बसून राज्य करायच्या, पण मिठाचा डबा बायच्या ताब्यात. मी भाकरी थापली की ती उलटून बघायची. मी कालवण केलं की सगळ्यांदेखत त्यात चिमूटभर मीठ टाकायची. बोलायची काही नाही. बोलली असती तर भांडले तरी असते! शेवटी एका दिवाळीला मी नवऱ्याला सांगून टाकलं, "आता म्हायेरी गेले की परत येनार नाय. बायको पायजेल असंल तर साजगावला या."

आमचे हे भोळे. म्हणाले, "घरजावई होऊ काय गं?"

"व्हा," मी म्हटलं आणि गाठोडं बांधायला घेतलं.

तेवढ्यात मध्ये आलं सरकार. टंचाई सगळ्याचीच होती. रॉकेल आणि साखर कार्डावर मिळू लागली आणि आमच्याकडे ज्याची चूल वेगळी त्याला कार्ड वेगळं, असं ठरलं. चूल खरंच पेटते का ते बघायला एक साहेब घरोघर फिरायचा. थोरल्या दिरांनी, म्हणजे बायच्या नवऱ्यानं, बेत केला. पडवीत मधोमध काटक्या-मातीचा कूड घालायचा, पलीकडे एक चूल मांडायची, साहेब बघून गेला की मोडायची. तेवढंच एका कार्डाचं रॉकेल जास्त. "निस्ती दाखवायला गं आये," असं ते सासूबाईंना दहादा म्हणाले, कारण चूल वेगळी होणं म्हणजे घर फुटणं, आणि मग गावात तोंड दाखवायला जागा नाही.

सासूबाई कबूल झाल्या, पण अडून बसल्या एका गोष्टीवर. "पुजल्याबिगर चुलीला इस्तव दावायचा नाय. अवदसा येती घरात."

"आगं, खोटी चूल हाय ती!"

"चूल खोटी नसती रं. जाळ लागला का खरी."

त्यांनी स्वतःच्या हातानं त्या नव्या चुलीला हळदकुंकू वाहिलं, दूध उतू घातलं आणि मला तिच्यापुढे बसवलं. साहेब आला, धूर बघितला, गेला. पण तो परत कधी उगवेल याचा नेम नव्हता. म्हणून चूल राहिली आणि मी तिथंच रांधू लागले. पहिल्या दिवशीचं कालवण आळणी झालं. आम्ही दोघांनी ते मिटक्या मारत खाल्लं. गाठोडं केव्हा सुटलं ते आठवतही नाही.

काड्यापेट्यांचा तर दुष्काळच होता. म्हणून विस्तव द्यायला-घ्यायला कुडात हात जाईल एवढा झरोका ठेवलेला. सकाळी बाय गोवरीच्या तुकड्यावर निखारा पुढे करायची. हळूहळू निखाऱ्यामागून वाटी येऊ लागली. कधी सुकटीची, कधी वालाच्या बिरड्याची. मीही वाटी रिकामी परत पाठवायची नाही. एका चुलीपाशी गुडघ्याला गुडघा लावून बसत होतो तेव्हा आम्हाला एकमेकींचं तोंड नको व्हायचं, आणि आता त्या भोकातून गप्पा संपायच्या नाहीत. माझी नात कॉलेजात समाजशास्त्र शिकते. ती म्हणते, सरकारच्या धोरणांनी एकत्र कुटुंबं मोडली. असेल बाई. आमचं मात्र रॉकेलच्या बाटलीनं टिकवलं.

मग स्वातंत्र्य आलं आणि पुढे काही दिवसांनी नियंत्रणं उठली. दीर फावडं घेऊन पडवीत आले. "झालं सरकारचं नाटक. मोडा ती चूल. लोक इचारतात, भाऊ येगळं निघालं का म्हणून."

सासूबाईंनी मान डोलावली. पुन्हा ती एक चूल, पुन्हा ते मीठ... मी नवऱ्याकडे बघितलं, तर ते जमिनीकडे बघत होते. तेव्हा बाय पदर खोचून मध्ये उभी राहिली. नवऱ्यासमोर आवाज न काढणारी ती बाई!

"हात लावायचा नाय. पुजलेली चूल हाय."

"आगं पन ती खोटी..."

"आत्या, तुमीच म्हनलात ना, चूल खोटी नसती? कुकू तुमच्या हातचं हाय. आता जिती चूल मोडून अवदसा आनायची काय?"

सासूबाईंचा स्वतःचाच शब्द, गिळणार कसा? लेकाकडे वळून म्हणाल्या, "ठेव रं त्ये फावडं."

गाव म्हणत राहिलं, घर फुटलं. म्हणेना का! आम्हाला ठाऊक होतं की ते त्या दिवशी वाचलं.

पुढे कुडाच्या जागी विटा आल्या, दोन्हीकडे गॅस आला. बायनं गॅसलाही कुंकू लावलं. झरोका तेवढा गवंड्याला सांगून राखला. आमचे हे गेले, पोरं नोकरीपायी शहरात गेली, माझ्या बाजूला मी एकटी उरले. बाय जायच्या थोडे दिवस आधी मी तिला विचारलं, "बाय, तवा मधी का पडलीस गं?"

"तुझ्या डोक्यावर उबं ऱ्हाऊन माजाच जीव ईटला व्हता. तुझं आळनी झालं का आत्या बोल मला लावायच्या." मग हसली. "आन अजून आळनीच करतीस."

इतकी वर्षं मला वाटत होतं, गाठोडं बांधलेली मी एकटीच.

तिचं दिवसकार्य उरकल्यावर तिचा मुलगा माझ्याकडे आला. "काकी, आता एकटीसाठी कशाला रांधतेस? मधली भिंत पाडू. एकाच ठिकाणी जेवू सगळे." पोरगा प्रेमानंच बोलत होता. त्याच्या मागे त्याची बायको उभी होती, श्वास धरून. तो श्वास माझ्या ओळखीचा.

"पुजलेली हाय रं," मी म्हटलं. "मोडायची नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी झरोक्यातून हिरव्या बांगड्यांचा हात आला. "काकी, बिरडं केलंय. चव बघा."

मीठ कमी होतं. मी तसंच खाल्लं.