वजनकाट्यावरची लाल गाडी

गोदामांना जमीन भाड्याने दिलेल्या आमच्या दापोडे गावातल्या शेजाऱ्याने जुनी स्पोर्ट्स कार घेतली. दर रविवारी तो ती ट्रकच्या वजनकाट्यावर चढवून इंजिनातल्या तेलाची पातळी बघायचा, कारण गावात सपाट जागा तेवढीच. इंजिन बंद करून म्हणायचा, "घाई न्हाय मास्तर, तेल खाली उतरू द्या." मागे ट्रकवाले हॉर्न बडवायचे. मी गाडीतून एका फेरीच्या आशेने तेलाची पट्टी पुसायचं फडकं धरून उभा.

एकदा त्याने दार उघडून मला आत बसवलंच. मी सीटचा पट्टा लावला, उरलेले केस सारखे केले. त्याने तेलाची पट्टी पाहिली, पुसली, पुन्हा पाहिली. मग माझ्या पोटाकडे बघत म्हणाला, "मास्तर, जरा उतरा. गाडी तुमच्या बाजूला कललीय, तेल खोटं दाखवतंय."

मी उतरलो आणि फडकं पुढे केलं.