दिवाळीच्या साफसफाईत गेलेला गेम

गेम माझा होता. हे आधीच सांगते, कारण घरात हळूहळू सगळ्यांनाच त्याचा विसर पडला. मला कावीळ झाली होती, शाळा बुडाली होती आणि उसाचा रस नि मऊ भात यांना मी पार कंटाळले होते. तेव्हा मुंबईचा मामा भेटायला आला. त्याने पिशवीतून एक खोका काढला आणि माझ्या पांघरुणावर ठेवला. "हा तुझा. धाकट्यालाही खेळू दे, पण त्याने तुला विचारायचं," असं तो माझ्या भावाच्या देखत म्हणाला.

बाबा रेल्वेत होते. भुसावळहून बदली होऊन आम्ही जयपूरला आलो होतो आणि रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. घरात भुसावळची मराठी, दाराबाहेर हिंदी. लाल-पांढरा डबा, दोन रिमोट, एक पिस्तूल आणि एक पिवळी कॅसेट, एवढा तो संसार टीव्हीसमोर मांडला की कॉलनीतली निम्मी पोरं आमच्या खोलीत जमायची. कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. फुंकर कोणाची लागू पडते यावरून भांडणं व्हायची. पिस्तुलाने बदकं पाडायचा एक गेम होता. पोरं सरळ टीव्हीच्या काचेला नळी टेकवून गोळ्या झाडायची.

माझा जीव मात्र रणगाड्यांच्या गेमवर होता. खाली मधोमध विटांच्या कुंपणात एक पक्षी. वरून शत्रूचे रणगाडे येणार आणि आपण दोघांनी मिळून तो पक्षी वाचवायचा. पिवळा रणगाडा माझा, हिरवा भावाचा. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. घाईघाईने पुढे घुसायचा आणि मरायचा. मी पक्ष्याजवळ थांबायचे. वाट बघत थांबण्यात जी मजा आहे, ती त्याला कधी कळली नाही. त्याचे रणगाडे संपले की तो माझ्याकडे बघायचा, "ताई, एक घेऊ?" आणि मी माझ्यातला एक देऊन टाकायचे.

दुसऱ्या रिमोटची वायर मध्ये उघडी पडली, तेव्हा बाबांनी तिला काळी चिकटपट्टी गुंडाळली. गोळी मारायच्या बटणावरचं अक्षर पुसलं, तेव्हा मी तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिला.

मी दहावीत गेले. त्या वर्षी दिवाळीच्या आधी एका दुपारी शाळेतून आले तर टीव्हीखालचा कप्पा रिकामा. आई पडदे धुवायला भिजवत होती.

"आई, गेम कुठाय?"

"अगं, रद्दीबरोबर गेला वाटतं. कबाडी आला होता. वरच्या माळ्यावरचं सगळं एकत्रच काढलं होतं मी."

"गेम माळ्यावर कशाला होता?"

"झाडायला काढला होता ना! आता काय करू मी, सांग."

मी जेवले नाही. संध्याकाळी बाबा आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, बूट न काढताच पुन्हा स्कूटरची किल्ली उचलली आणि म्हणाले, "चल. शोधू."

माझे बाबा फार बोलणारे नव्हते. त्यांच्याबरोबर एकटीने कुठे गेल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही. त्या संध्याकाळी आम्ही आदर्श नगरापर्यंत गेलो. दिसेल त्या कबाड्यापाशी ते स्कूटर थांबवायचे. "भैया, टीवी वाला गेम आया क्या? लाल-सफेद?" कबाडी मान हलवायचा. तरी बाबा आत शिरायचे. मोडके रेडिओ उचलून बघायचे, रद्दीचे गठ्ठे बाजूला करायचे. एका ठिकाणी तर पत्र्यांच्या ढिगामागे वाकले आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला गंज लागला. मी म्हटलं, "बाबा, राहू द्या." ते म्हणाले, "थांब, तो कोपरा राहिला."

गेम मिळाला नाही. परत येताना त्यांनी मला गरम कचोरी खाऊ घातली. दिवाळीसाठी दुकानांवर माळा लागल्या होत्या. मी त्यांच्या पाठीला टेकून घरी आले.

त्या हिवाळ्यात मी अभ्यास केला. दर रविवारी बाबा भावाला घेऊन बस्सीला जायचे. तिथे त्यांच्या ऑफिसातल्या एका सोबत्याचं घर होतं, मागे थोडी शेती. "तुझा अभ्यास आहे," असं म्हणून मला घरी ठेवायचे. परत येताना मटाराची पिशवी असायची. मी पुस्तक मांडीवर घेऊन ते मटार सोलत बसायचे.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याविषयी कोणी विचारलं की मी ती संध्याकाळ सांगायचे. माझ्या नवऱ्याला सांगितली, मुलीला कितीदा सांगितली. कबाड्याच्या ढिगात पोरीसाठी हात घालणारा बाप. माझ्याकडे बाबांचं दुसरं एवढं मोठं काही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात भावाने मालवीय नगरात जुन्या गेमचं दुकान काढलं. कोचिंग क्लासच्या वर पहिल्या मजल्यावर, पाठीमागे फुगलेले जुने टीव्ही, समोर गाद्या. कॉफी घ्या, तासभर खेळा. उद्घाटनाला मी पेढे घेऊन गेले. आई भावाकडेच राहते. ती खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे नमस्कार घेत होती. बदकं पडत होती, ओळखीचं ते टुणटुण संगीत चारी बाजूंनी वाजत होतं. मला खरंच भरून आलं.

दाराशी काचेच्या कपाटात एक लाल-पांढरा डबा ठेवला होता. मी वाकून बघितलं आणि ओरडलेच, "अरे, हा अगदी आपल्यासारखा!"

"आपल्यासारखा काय, ताई, आपलाच आहे," भाऊ हसत म्हणाला.

मी नीट बघितलं. दुसऱ्या रिमोटच्या वायरला काळी चिकटपट्टी होती. बटणावर लाल ठिपका.

"कुठे मिळाला तुला?"

त्याने मला खांद्याला धरून पाहुण्यांकडे वळवलं आणि हिंदीत सुरुवात केली. "ये मेरी दीदी हैं. दसवीं में थीं और दिनभर गेम! तो पापा ने छुपा दिया, बस्सी में, दोस्त के घर. मैं हर संडे वहाँ जाके खेलता था. और मज़े की बात सुनो, पापा दीदी को स्कूटर पे बिठाके कबाड़ियों के यहाँ ढूँढने भी गए! पूरी एक्टिंग!"

सगळे हसले. आईही हसली. मीही हसल्यासारखं केलं असावं, कारण कोणी काही विचारलं नाही. मला फक्त बाबांची बाही दिसत होती. "थांब, तो कोपरा राहिला." त्या कोपऱ्यात काही नाही हे त्यांना ठाऊक होतं.

गर्दी ओसरल्यावर मी आईजवळ जाऊन बसले.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"गेम बस्सीला होता ते."

"अगं, किती जुनी गोष्ट! तुझी दहावी होती. तुझ्या भल्यासाठीच केलं ना."

"मग 'खेळू नकोस' म्हणायचं होतं. मी ऐकलं असतं."

"तुझ्या बाबांना तुला नाही म्हणवायचं नाही. तू जेवली नाहीस, ते कासावीस झाले. मग घेऊन गेले तुला."

"आणि त्याला खेळायला न्यायचे?"

"तो लहान होता. घरी तुला त्रास दिला असता त्याने."

"निकाल लागल्यावर तरी द्यायचा होता मला."

आई म्हणाली, "नंतर तू कधी विचारलंच नाहीस."

भंगारात गेलेल्या वस्तूबद्दल मी काय विचारणार होते? पेढ्यांचा रिकामा खोका उचलला आणि घरी आले.

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. "ताई, तू रागावलीस का? मतलब, गंमत होती ती."

मी म्हटलं, "तू तिथे खेळत होतास आणि मी घरी तुम्ही आणलेले मटार सोलत होते."

तो हळू आवाजात म्हणाला, "मी लहान होतो गं. बाबांनी शपथ घातली होती, ताईला सांगायचं नाही म्हणून." हे खरं असणार. त्याच्यावर मला फार रागावता आलं नाही. ज्यांच्यावर रागवायचं होतं, ते फोनवर येणार नव्हते.

रविवारी तो स्वतः डबा घेऊन माझ्या घरी आला. "तुझा आहे, ठेव." जुनी वायर नव्या टीव्हीला जोडायचं काहीतरी त्याने आणलं होतं. आम्ही जमिनीवर बसलो. रणगाड्यांचं संगीत वाजलं आणि माझे अंगठे आपोआप चालू लागले. तो पूर्वीसारखाच पुढे घुसला आणि मेला. आम्ही दोघंही हसलो, अगदी खरं. पण थोड्या वेळाने माझी नजर त्या काळ्या चिकटपट्टीवर गेली. किती नीटनेटकी गुंडाळली होती बाबांनी. मी रिमोट खाली ठेवला.

"घेऊन जा हा दुकानात," मी म्हटलं. "इथे नको मला. फक्त एक कर. तो किस्सा लोकांना सांगू नकोस. बाबांवर हसू नकोस, आणि माझ्यावरही."

"नाही सांगणार, ताई. शप्पथ." त्याने गळ्याला हात लावला.

माझं आदर्श नगरात फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. गेल्या महिन्यात कोचिंगला जाणारी एक मुलगी मनगट दुखतं म्हणून आली. लिहून लिहून दुखतंय की आणखी कशाने, असं विचारलं तर लाजून म्हणाली, क्लासखेरीज गेमही खेळते, क्लासच्या वरच जुन्या गेमचं एक दुकान आहे. मी तिचं मनगट हातात घेऊन अंगठ्याखालची जागा दाबत होते. दुखण्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून ती बोलत राहिली.

"मैडम, वहाँ के भैया एक किस्सा सुनाते हैं, बहुत हँसी आती है. उनकी दीदी का गेम था..."

मी तिला थांबवलं नाही. तिने सगळं सांगितलं. बस्सी, स्कूटर, कबाडी. किस्सा आता बराच लांबला होता. बाबा शहरभर हिंडत होते, एका कबाड्याशी खोटंखोटं भांडतही होते. आणि दीदी मागे बसून रस्ताभर रडत होती.

मी रडले नव्हते. त्या संध्याकाळी स्कूटरवर मी इतकी खुशीत होते की गेम मिळाला नाही तरी चालेल, असं मला वाटून गेलं होतं.

मुलगी माझ्याकडे बघत होती, मी हसेन म्हणून. मी तिचं मनगट हलकेच वळवलं आणि विचारलं, "यहाँ दबाने से दर्द होता है?"